एक लाइन गेली तरी काम चालू: गावातल्या घरात दोन इंटरनेट जोडण्याची रीत

३१ जुलै. खरिपाच्या पीकविम्याची मुदत बहुतेक वर्षी याच तारखेला असते आणि आमचं अर्धं गाव याच तारखेला जागं होतं. माझ्या सेवा केंद्राच्या ओट्यावर सातबारा, पासबुक, आधार घेऊन तीसेक माणसं बसलेली. दुपारी एकच्या सुमारास भिंतीवरच्या फायबरच्या डबीवर एलओएसचा (म्हणजे सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकायला लागला. फाट्यावर पाण्याच्या पाइपसाठी खोदकाम चालू होतं, त्यात केबल तुटली होती. लाइनवाल्या पोराला फोन केला तर म्हणाला, "ताई, संध्याकाळपर्यंत होऊन जाईन." झाली दुसऱ्या दिवशी दहाला.

त्या रात्री अकरापर्यंत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अर्ज भरले आणि दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या लाइनीच्या मागे लागले. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. घरात माझं केंद्र, शिवाय माझा दीर पुण्यातल्या कंपनीचं काम माडीवर बसून करतो. आम्ही दोघांनी मिळून दोन वर्षांत ज्या चुका केल्या, त्या तुम्हाला कराव्या लागू नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते.

१. आधी दुखणं ओळखा

"नेट स्लो आहे" म्हणजे "अंग दुखते" म्हणण्यासारखं. कुठे दुखतं ते पाहा.

लॅपटॉप वायरने थेट फायबरच्या डबीला जोडा आणि सकाळी सात, दुपारी आणि रात्री नऊ अशा तीन वेळी स्पीड टेस्ट घ्या. वायरीवर वेग पुरा मिळतो आणि वाय-फायवर मिळत नाही, असं असेल तर दुसरी लाइन घेऊन काही उपयोग नाही. दोष घरातल्या वाय-फायचा आहे. आमच्या जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंती दीड फूट जाड आहेत. दोन खोल्या ओलांडल्या की वाय-फाय दम तोडतं. तिथे एक वायर ओढून पलीकडे दुसरा साधा राउटर ठेवला आणि अर्धी तक्रार मिटली.

मोजताना एक लक्षात ठेवा. कंपनी सांगते ते एमबीपीएस, म्हणजे मेगाबिट. फाइल उतरताना दिसतं ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. ४० एमबीपीएसच्या लाइनीवर सेकंदाला ५ एमबीच उतरणार, त्यात फसवणूक नाही.

आता पंधरा दिवस नोंद ठेवा. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरावर तारखेच्या चौकोनातच लिहायचो: किती वाजता गेलं, किती वाजता आलं आणि तेव्हा डबीवर कोणता दिवा होता. लाल एलओएस म्हणजे वाटेत केबल तुटली किंवा दबली. दिवे सगळे हिरवे पण नेट नाही, म्हणजे बिघाड लाइनवाल्याच्याही पुढे आहे. दिवेच नाहीत, म्हणजे वीज. आमच्या पंधरा दिवसांत नेट नऊ वेळा गेलं, त्यातलं पाच वेळा निव्वळ विजेमुळे. म्हणून आमची पहिली खरेदी दुसरं कनेक्शन नव्हतं, राउटरची बॅटरी होती.

२. दोन लाइनी जोडल्या की नेमकं काय होतं

सगळ्यात जास्त पैसे लोक इथे घालवतात. ४० ची एक आणि २० ची एक लाइन घेतली की ६० चं नेट होईल, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही, निदान साध्या जोडणीत तरी नाही.

बंडीचं उदाहरण घ्या. जिनिंगवर कापूस न्यायला तुमच्याकडे दोन बंड्या आहेत. दहा गाठोडी असतील तर पाच इकडे, पाच तिकडे टाकून काम लवकर उरकेल. पण एकच गाठोडं असेल तर ते एकाच बंडीत जाणार आणि त्या बंडीच्याच चालीने पोचणार. दुसरी मोकळी उभी राहिली म्हणून ते लवकर पोचत नाही. या पद्धतीला लोड बॅलन्सिंग म्हणतात. राउटर प्रत्येक नवी जोडणी या नाहीतर त्या लाइनीवर टाकतो. एका घरात पाच माणसं पाच कामं करत असतील तर सगळ्यांना फरक जाणवतो. एकट्या माणसाच्या एका व्हिडिओ कॉलला जाणवत नाही.

दुसरी पद्धत बॉन्डिंगची. यात एकाच गाठोड्याचा कापूस दोन्ही बंड्यांत भरायचा आणि पोचल्यावर पुन्हा एकत्र बांधायचा. पण बांधायला तिकडे आपला माणूस हवा, म्हणजे इंटरनेटवर कुठेतरी एक सर्व्हर लागतो. तो भाड्याने घ्यावा लागतो, आणि सगळी वाहतूक त्याच्यामार्फत जात असल्यामुळे थोडा वळसाही पडतो.

तिसरी पद्धत फेलओव्हर. एक बंडी चालते, दुसरी गोठ्याजवळ जुंपून उभी. पहिलीचं चाक मोडलं की दुसरी निघाली.

माझं स्पष्ट मत: गावात शंभरातल्या नव्वद घरांना तिसरी पद्धत लागते, आणि ते पैसे मात्र पहिलीच्या आशेने खर्च करतात. तुम्हाला वेग हवा आहे की खंड नको आहे, ते कागदावर लिहा आणि मगच बाजारात जा.

३. दुसरी लाइन वेगळ्या वाटेची घ्या

आम्ही आधी चूक केली ती इथे. दुसरं कनेक्शन दुसऱ्या कंपनीचं घेतलं खरं, पण तेही फायबरच. दोन्ही तारा एकाच खांबावरून, फाट्यापर्यंत एकाच कडेने. पुढच्या खोदकामात दोन्ही दिवे एकाच वेळी लाल झाले. दीर म्हणाला, "वहिनी, आपण दोन नेट नाही घेतले, एकच नेट दोनदा घेतलं."

म्हणून एक फायबर असेल तर दुसरं हवेतून येणारं घ्या: सिमकार्डवरचा ४जी-५जी राउटर, किंवा तुमच्या गावात मिळत असेल तर छतावर डबी लावून देणारं एअरफायबर. जिओ आणि एअरटेल, दोघांनीही ही सेवा २०२३ मध्ये सुरू केली, पण गावागणिक चौकशी करावी लागते. टॉवरवाल्या गड्याची ओळख असेल तर टॉवरला फायबर कुठून येतं तेही विचारून घ्या. तेही त्याच फाट्यावरून येत असेल तर दुसऱ्या कंपनीचा टॉवर बघा.

सिम घेताना प्लॅन नीट वाचा. रोज दीड-दोन जीबीचा मोबाइल प्लॅन घरच्या राउटरात टाकला की घरातल्या चार फोनांच्या अपडेट सकाळी अकरापर्यंत तो संपवतात. नंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात व्हॉट्सअॅपचा मजकूर जातो, बाकी काही नाही. असं सिम फक्त फेलओव्हरलाच ठेवा.

कागदपत्रं फार लागत नाहीत:
– आधार आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल नंबर
– फोटो
– पत्ता वेगळा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा घरटॅक्सची पावती
– भाड्याचं घर असेल तर करारनामा, आणि छतावर डबी लावायची असेल तर घरमालकाचा होकार आधीच

एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात. आपल्या नावावर किती आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं. आमच्या सासऱ्यांच्या नावावर गावातल्या तीन पोरांचे नंबर निघाले होते. तुम्हीही एकदा बघून घ्या.

४. सामान

– एकाहून जास्त वॅन पोर्ट (बाहेरून येणारी लाइन जोडायची जागा) असलेला राउटर. आम्ही टीपी-लिंकचा ईआर६०५ घेतला, तेव्हा पाच हजारांच्या आत मिळाला. याला स्वतःचं वाय-फाय नाही, हे विकत घेतल्यावर कळलं. म्हणून जुना वाय-फाय राउटर फेकू नका.
– सिमचा राउटर, ज्याला मागे वायरीचा पोर्ट आहे असा. नुसतं हॉटस्पॉटचं पाकीट नको.
– लॅनच्या, म्हणजे घरातली यंत्रं एकमेकांना जोडायच्या, चार-पाच तयार वायरी. घरी टोकं दाबत बसू नका, आठातली एक तार बसली नाही तर वेग १०० वरच अडतो आणि कारण सापडत नाही.
– राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी राउटर चालू ठेवणारी बॅटरी.
– कागदी चिकटपट्टी आणि पेन. याचं महत्त्व शेवटी कळेल.

मायक्रोटिकचे छोटे राउटर याहून तगडे असतात, आणि हौस असेल तर ओपनडब्ल्यूआरटी हे फुकटचं सॉफ्टवेअर घालून जुन्या राउटरकडूनही हेच काम करवून घेता येतं. पण घरात बिघाड झाला तर दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न आधी विचारा. आमच्याकडे ती मीच करते, म्हणून मला समजेल असंच यंत्र घेतलं.

५. सिमचा राउटर कुठे ठेवायचा

फोनमध्ये सिग्नलच्या काड्या बघू नका, आकडा बघा. नेटवर्क सेल इन्फोसारखं एखादं अॅप आरएसआरपी नावाचा उणे आकडा दाखवतं. उणे ८०-८५ म्हणजे झकास, उणे १०० म्हणजे कामचलाऊ, उणे ११० च्या पलीकडे गेला की जागा बदला. स्लॅबवर चारही कोपऱ्यांत फिरून आकडे लिहा. घर टिनाचं असेल तर आत आणि बाहेर जमीन-अस्मानाचा फरक दिसेल. टिनाखाली राउटर ठेवणं म्हणजे डोक्यावर घमेलं घेऊन ऐकायला बसणं.

मी फेब्रुवारीत जागा ठरवली, अंगणातल्या कडुनिंबाच्या बाजूची खिडकी. तेव्हा त्याची पानं गळलेली होती. चैत्रात झाड पालवीने भरलं आणि आकडा दहाने खाली गेला. झाड मध्ये येत असेल तर जागा आधीच बदला.

राउटर बाहेर लावायचा तर इथलं ऊन विसरू नका. मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो, आणि बंद प्लास्टिकच्या डब्यातला राउटर दुपारी दोनला झोपतो. माझा रोज झोपायचा. उत्तरेच्या भिंतीला, सज्जाखाली लावल्यावर थांबला. वानरांचं काय करायचं ते मला विचारू नका. उंच अँटेना दिसला की ती त्याला लोंबकळतात. म्हणून काठीवरचा अँटेना काढून टाकला, भिंतीला चिकटलेली डबीच बरी.

आणि वीज, म्हणजे आभाळातली. छतावरून घरात येणारी तांब्याची लॅनची वायर हे तिला दिलेलं आवतण आहे. मृगाच्या पहिल्याच पावसात जवळ कुठेतरी वीज पडली आणि आमच्या नव्या राउटरचा एक पोर्ट कायमचा गेला. फायबरची काच वीज नेत नाही, पण खांबावरून येणाऱ्या केबलीत बहुतेक वेळा पोलादी तारही असते. ती घराच्या बाहेरच सोडवून बांधायला लाइनवाल्याला सांगा. गडगडाट सुरू झाला की छताकडची वायर उपसून ठेवायची, हा आमच्या घरचा नियम आहे.

६. जोडणी

क्रम असा: फायबरची डबी आणि सिमचा राउटर, दोन्हींच्या लॅन पोर्टमधून एकेक वायर मोठ्या राउटरच्या दोन वॅन पोर्टांत. मोठ्या राउटरच्या लॅन पोर्टातून जुन्या वाय-फाय राउटरच्या लॅन पोर्टात. या जुन्या राउटरचं डीएचसीपी (फोन-संगणकांना पत्ते वाटण्याचं काम) आधी बंद करा आणि त्याचा आयपी आकडा मोठ्या राउटरपेक्षा वेगळा ठेवा. मग तो फक्त वाय-फाय देतो, डोकं चालवत नाही. नवे राउटर असतील तर यालाच अॅक्सेस पॉइंट मोड म्हणतात.

आता सापळे. आम्ही यातल्या प्रत्येकात पाय घातला.

दोन घरांना एकच पत्ता. बऱ्याच डब्या आणि राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन येतात. दोन्ही वॅनला एकाच पट्ट्यातला पत्ता आला की मोठा राउटर गोंधळतो आणि एकच लाइन चालते. सिमच्या राउटरच्या सेटिंगात जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.५.१ असा काहीतरी करा. मोठ्या राउटरचा स्वतःचा पट्टा या दोन्हींपेक्षा वेगळा हवा.

जुनं वाय-फाय चालूच. डबीचं आणि सिमच्या राउटरचं वाय-फाय बंद करा. नाहीतर घरातले फोन ओळखीच्या नावाला चिकटून राहतात आणि तुमची सगळी व्यवस्था बाजूला राहते. आम्ही आठ दिवस हा घोळ शोधत होतो. सासूबाईंचा फोन "चालते" आणि माझा "चालत नाही" हे कोडं त्यातूनच निघालं.

खोटा हिरवा दिवा. राउटर लाइन जिवंत आहे की नाही हे कशावरून ठरवतो ते पाहा. तो फक्त वायर बघत असेल, तर लाइनवाल्याच्या पुढचा बिघाड त्याला दिसतच नाही. ऑनलाइन डिटेक्शन नावाचं सेटिंग शोधा आणि त्याला बाहेरचा पत्ता द्या, एका लाइनीला ८.८.८.८ आणि दुसरीला १.१.१.१. हे एक सेटिंग चुकलं तर बाकी सगळं असून नसल्यासारखं.

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा. एका कंपनीचा डीएनएस दुसऱ्या कंपनीच्या वाटेने विचारलं तर बरेचदा उत्तरच देत नाही. मग स्पीड टेस्ट चालते, पण साइट उघडत नाहीत. दोन्ही वॅनवर वरचेच दोन सार्वजनिक पत्ते डीएनएस म्हणून टाका.

आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा इंटरनेट पत्ता. प्रत्येक कंपनी आपापला आयपीव्ही६ पत्ता वाटते. लाइन मेली तरी फोन काही वेळ त्या मेलेल्या पत्त्याला धरून बसतो. सुरुवातीला घरातल्या बाजूला आयपीव्ही६ बंद ठेवा.

बँक आणि सरकारी पोर्टल. लोड बॅलन्सिंग चालू असताना लॉगिन एका लाइनीवरून आणि पुढचं पान दुसरीवरून गेलं, तर पोर्टल तुम्हाला बाहेर काढतं. ओटीपी टाकला, सबमिट दाबलं आणि पुन्हा लॉगिनचं पान. शेतकरी समोर बसलेला, त्याचा अंगठा दोनदा घेतलेला. यावर दोन उपाय आहेत. टीपी-लिंकमध्ये ॲप्लिकेशन ऑप्टिमाइज्ड राउटिंग म्हणून एक खूण आहे, ती केली की एका यंत्राचं एका साइटशी चाललेलं बोलणं एकाच लाइनीवर राहतं. त्याहून पक्का उपाय म्हणजे पॉलिसी राउटिंग, यात कोणतं यंत्र कोणत्या लाइनीवर जाणार ते आपणच ठरवून देतो. माझ्या केंद्राचा संगणक मी फायबरलाच बांधून ठेवला आहे आणि फायबर मेलं तरच तो सिमवर जातो.

वाटणीचं प्रमाण खऱ्या वेगावरून द्या. फायबर ४० आणि सिम २० देत असेल तर २:१. जाहिरातीतला आकडा टाकू नका, कॅलेंडरावरचा टाका.

७. गावठाणची वीज

इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. वीज गेली की इन्व्हर्टर हाती घेईपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटं जातात. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडची कळ असेल तर ती लावा. नाहीतर प्रत्येक डबीला छोटा डीसी यूपीएस. घेताना अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे निघतात. ९ च्या यंत्राला १२ दिले की ते परत बोलत नाही.

फायबरची डबी, सिमचा राउटर, मोठा राउटर, वाय-फाय राउटर, या चौघांनाही बॅटरी हवी. तिघांना देऊन चौथा विसरला की सगळंच बंद.

८. तपासणी

स्पीड टेस्टने हुरळून जाऊ नका. ती एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, त्यामुळे दोन्ही लाइनींची बेरीज दाखवते. सेटिंगमध्ये सिंगल कनेक्शन निवडून पुन्हा घ्या, म्हणजे एका गाठोड्याचा खरा वेग कळेल. डाउनलोड मॅनेजर फाइलीचे तुकडे करून उतरवतात, त्यांना मात्र दोन लाइनींचा खरोखर फायदा होतो.

खरी परीक्षा वायर उपसण्याची. कोणाशी तरी व्हिडिओ कॉल लावा आणि फायबरची वायर काढा. कॉल अडकेल, कदाचित तुटेल आणि पुन्हा लागेल. अर्ध्या-एक मिनिटात गाडी रुळावर आली तर जोडणी बरोबर आहे. मग वायर परत लावा आणि काम पुन्हा फायबरवर येतं का ते बघा. बरेच जण हा दुसरा भाग तपासत नाहीत आणि महिनाभर सिमवरच चालत राहतात.

तेवढाही खंड चालत नसेल, तर बॉन्डिंगशिवाय इलाज नाही. दिराला ग्राहकासमोर बोलावं लागतं, म्हणून त्याने लॅपटॉपवर स्पीडिफाय घेतलं. ते वाय-फाय आणि यूएसबीने जोडलेल्या फोनचं नेट एकत्र विणतं, एक तुटलं तरी कॉल चालू राहतो. दरवर्षीचे पैसे आहेत, आणि वाहतूक दुसऱ्या सर्व्हरवरून जात असल्यामुळे काही बँकांच्या साइट अडवतात. बँकेचं काम करताना तो ते बंद करतो. ओपनएमपीटीसीपीराउटर हा फुकटचा पर्याय आहे, पण भाड्याचा सर्व्हर आपणच उभा करायचा. ज्याला लिनक्सची सवय आहे त्यानेच हात घालावा.

खर्च करायचाच नसेल तर फोन यूएसबी केबलने संगणकाला लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. दोन्ही एकत्र होत नाहीत, पण फायबर गेलं की संगणक आपोआप फोनवर जातो. पीकविम्याच्या आठवड्यात माझ्याकडे ही केबल आजही लावलेली असते.

शेजारी विचारतातच, म्हणून सांगते. घरचं कनेक्शन पैसे घेऊन वाटणं नियमात बसत नाही. ते करायचंच असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना बघा. त्यात छोट्या दुकानदाराला परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय देता येतं.

शेवटी ती चिकटपट्टी. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नाव लिहा: फायबर, सिम, घर. आमच्याकडे उन्हाळ्यात पट्टीचा गोंद वितळला आणि नावं गळून पडली, म्हणून मी छताकडच्या वायरीला लाल नेलपॉलिश लावलं. आता आभाळ भरून आलं आणि मी शेतात असले तर सासूबाई फोनची वाट बघत नाहीत. लाल टोक उपसतात, खुर्चीवर ठेवतात आणि वाळवण आत घ्यायला पळतात.